डॉक्टरीणबाई आणि मापाचं पीठ

गेली अठरा वर्षं मी दातांच्या डॉक्टरांना लागणारा माल विकतोय. नेरळ, कर्जत, खोपोली, खालापूर हा माझा पट्टा आणि मोटारसायकल हे माझं दुकान. या पट्ट्यात मला घासाघीस करणारे डॉक्टर भेटले, विसराळू डॉक्टर भेटले, माझ्याचकडून घेतलेला माल नवा म्हणून मलाच दाखवणारे एक महाभागही भेटले. पण खालापूरच्या डॉक्टरीणबाईंसारखं गिऱ्हाईक देवाने एकच घडवलं आणि मागच्या जन्मीच्या माझ्या कुठल्याशा कर्माची आठवण ठेवून नेमकं माझ्या पट्ट्यात टाकलं. मुलीला स्थळ बघताना लोक जेवढी चौकशी करत नाहीत, तेवढी या बाई माप घ्यायच्या पिठाची करतात.

माप म्हणजे काय ते सांगायला हवं. कवळी बसवायची किंवा दातावर टोपी घालायची, तर आधी तोंडाचा ठसा घ्यावा लागतो. एका ट्रेमध्ये मऊ माल भरायचा, तो तोंडात बसवायचा, घट्ट झाला की अलगद काढायचा आणि त्यात प्लॅस्टर ओतायचं. झाला जबड्याचा साचा तयार. डॉक्टर त्याला इम्प्रेशन म्हणतात, आमच्याकडचे पेशंट माप म्हणतात. हा माल नाना तऱ्हांचा असतो. पाण्यात कालवायची गुलाबी पावडर असते, तिला सगळे पीठच म्हणतात. कणकेच्या गोळ्यासारखं मळायचं सिलिकॉन असतं, गरम पाण्यात मऊ करायच्या तपकिरी वड्या असतात, दोन नळ्यांतून काढून मिसळायची, लवंगेच्या वासाची जुनी पेस्ट असते. बाकीचे डॉक्टर यातलं एक-दोन ठरवून टाकतात आणि वर्षानुवर्षं फोनवरून तेच मागवतात. बाईंनी अठरा वर्षांत काहीही कायमचं ठरवलेलं नाही. "माणसाचं तोंड काय कायमचं एकसारखं असतं का?" असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

नवा माल नेला की बाई पहिल्यांदा चहा देतात. तो चहा मी आनंदाने कधीच प्यायलो नाही, कारण त्याच्यानंतर परीक्षा असते, आणि ती मालाची नसून माझी आहे असंच मला कायम वाटतं. हे किती सेकंदात घट्ट होतं? छापलंय ते नका सांगू, ते एसीतलं झालं. वैशाखात खालापुरात किती सेकंदात होतं? उघडलेला डबा आषाढात किती दिवस टिकतो? मी कंपनीने शिकवलेली उत्तरं देतो, बाई ती वहीच्या डाव्या पानावर लिहितात आणि उजवं पान कोरं सोडतात. उजव्या पानावर पुढच्या पंधरा दिवसांत खरं काय ते येतं. एवढ्या वर्षांत डाव्या आणि उजव्या पानाचं कधी पटल्याचं मला आठवत नाही.

खरं काय ते कळावं म्हणून बाई प्रत्येक नवा माल आधी स्वतःच्या तोंडात घालून बघतात. आरशासमोर बसायचं, तोंडात ट्रे, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ. एकदा त्या अशा बसलेल्या असताना एक सरकारी साहेब दाढ धरून आत आले. बाईंनी खुणेने बसायला सांगितलं. साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल? बाईंनी तीन बोटं दाखवली. साहेबांनी हात जोडले आणि उलट्या पावली निघून गेले. दुसऱ्या दिवशी गावात झालं की डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांचं मौनव्रत धरलंय. दोन बायका नारळ घेऊन आल्या. बाईंनी नारळ ठेवून घेतले आणि दोघींचे दात तपासून पाठवलं. बाईंच्या हातून कुणी दात न दाखवता सुटणं कठीण.

उन्हाळ्यात ते पीठ कालवता कालवताच घट्ट व्हायला लागतं. मग बाईंचा मला सकाळी सकाळी फोन येतो, "तुमच्या पिठाला कुठे जायची घाई आहे?" यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. गार पाण्यात पीठ सावकाश घट्ट होतं, म्हणून दवाखान्यात त्यांनी एक काळा माठ ठेवला. त्यावर चिठ्ठी लावली, 'हे पाणी पिण्याचे नाही, मापाचे आहे'. तरी लोक पितातच. पावसाळ्यात संकट उलटं. ओल लागून पिठात गुठळ्या होतात. म्हणून आषाढ लागला की पिठाचे डबे तांदळाच्या कोठीत पुरून ठेवायचे, ही बाईंच्या वडिलांची सूचना. बाईंचं माहेर कळंबकडचं, घर भातशेतीचं. धान्याला ओल लागू न देण्यात त्या घराच्या पिढ्या गेलेल्या. युक्ती नामी होती. फक्त एका जुलैत बाईंची वहिनी राहायला आली. कोठीत पुरलेलं हे पीठ काही तरी खास असणार अशा समजुतीने तिने सकाळी त्याची घावनं करायला घेतली. तवा तापेपर्यंत पीठ पातेल्यातच घट्ट झालं. पातेलं उपडं केलं तर पातेल्याच्या आकाराचा एक गुलाबी, थुलथुलीत गोळा बाहेर आला, त्यावर पातेल्याचा प्रत्येक पोचा उमटलेला. वहिनी किंचाळली. बाई धावत आल्या, गोळा उजेडाकडे धरून सगळीकडून बघितला आणि म्हणाल्या, "वहिनी, पाणी किती घातलं होतंत? आणि ढवळलंत कसं? एकही बुडबुडा नाही हो!" वहिनी दुपारच्या बसने परत गेली.

बुडबुडा हा बाईंचा जन्माचा वैरी. मापात मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी माप रद्द. "परत घेऊ," एवढंच म्हणतात. एका रिसॉर्टच्या मॅनेजरचं माप त्यांनी पाच वेळा घेतलं. पाचव्या वेळी तो ट्रेमागून काही तरी बोलला. ते नीट कळलं नाही हेच बरं झालं.

आणि बाई खोटं बोलत नाहीत. हा गुण विक्रेत्याच्या दृष्टीने फार घातक. कवळी करायला आलेल्या एका माळकरी म्हाताऱ्याने सहज विचारलं, "ह्ये पीठ कशाचं गं, बाय?" दुसऱ्या कुणी 'औषधी असतं' म्हणून सोडून दिलं असतं. बाईंनी सांगितलं, समुद्रातल्या शेवाळापासून करतात. म्हातारा खुर्चीतून उतरला. "समुद्रातलं? म्हंजी मासलीच की!" बाईंनी पेशंट थांबवून ठेवले, कागदावर समुद्र काढला, समुद्रात झुडूप काढलं, अर्धा तास समजावलं. म्हाताऱ्याने चित्र लांब धरून बघितलं आणि विचारलं, "ह्येला डोलं हायत का?" "नाहीत, आजोबा." "मंग चाललं," असं म्हणून त्याने तोंड उघडलं. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा बाईंनी मला विचारलं की तुमच्या बाकीच्या मालाला डोळे आहेत का ते कंपनीकडून लेखी आणाल का. त्या चेष्टा करत होत्या असं मी धरून चाललोय.

असं हे माणूस. कुठल्या स्कीमला भुलत नाही, कुठल्या भेटवस्तूला हात लावत नाही. चांगला माल आणि भारी माल यांत बाई कधी गफलत करत नाहीत, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे. गेल्या वर्षीच्या श्रावणात मात्र बाईंची गफलत झाली, आणि तिला हात माझाही लागला.

बाईंची आई गेल्यापासून वडील त्यांच्याकडेच होते, दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत. सगळे त्यांना आबा म्हणत, बाई बाबा. शेती आता मुलगा बघत होता, पण आबांचं लक्ष सगळं कळंबला. वर दात एकही नाही, खाली एकही नाही. बाईंनीच फार पूर्वी केलेली कवळी होती. मी गेलो की हाक मारायचे, "काय रं, आज काय घेऊन आलास माझ्या पोरीला छलायला?" मग अंगणात बसवून सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खायला लावायचे आणि स्वतः माझ्या दुप्पट खायचे. एकट्याने जेवणं हा प्रकार त्या माणसाला ठाऊकच नव्हता. दिवाळीनंतर मळणी उरकली की खळ्यावर नव्या तांदळाच्या भाकऱ्या व्हायच्या, शेतात राबलेलं प्रत्येक माणूस पंगतीला असायचं, आणि पहिला घास आबा मोडायचे. त्यांनी मोडल्याशिवाय कुणी हात लावत नसे. एका वर्षी मीही त्या पंगतीत जेवलोय.

त्या श्रावणात आबांची कवळी सैल पडायला लागली. म्हातारपणी हिरडी झिजते, वरची पुढची हिरडी तर अगदी लुसलुशीत, हलती झालेली. एका बारशाला चारचौघांत बोलताना वरची कवळी सुटून त्यांच्या ताटात पडली. पोरं हसली. आबाही हसले म्हणे. पण त्या दिवसापासून त्यांनी कुणासमोर जेवणं सोडलं. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पेज पीत बसायचे. मी गेलो की हाक येईना. बाई ताट वाढून बोलवायच्या तर म्हणायचे, "तुमी जेवा गं. मी मागनं घेतो." श्रावण संपता संपता त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. आणि त्यांनी मुलाला निरोप पाठवला, यंदा खळ्यावर मला धरू नका, पहिला घास तू मोड.

बाईंनी मला बोलावलं. चहा नव्हता, वही नव्हती. "सगळ्यात चांगलं काय आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. 'कुणासाठी चांगलं?' असं त्या इतर डॉक्टरांना विचारतात, ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मी बॅगेतून परदेशी सिलिकॉन काढलं, माझ्याकडचं सगळ्यात भारी. इतक्या मऊ हिरडीवर हा घट्ट माल दाब देणार, ही शंका माझ्या मनात आली होती. मी डॉक्टर नाही, पण अठरा वर्षं कान उघडे ठेवून हिंडलोय. तरी मी गप्प बसलो. बाईंनीही हातात घेऊन बघितलं नाही, स्वतःच्या तोंडात घालून बघितलं नाही. बापासाठी घ्यायचं तर भारीतलं भारीच, एवढाच हिशोब. पोरीचं मन होतं ते, डॉक्टरचं नव्हतं.

कवळी झाली आणि पहिलीपेक्षा वाईट बसली. माप घेताना हिरडी दाबली गेली होती; दाब गेला की ती मूळपदावर यायची आणि कवळीला बाहेर ढकलायची. बाईंनी पुन्हा माप घेतलं. आबांना उमासे आले. तिसऱ्यांदा घेतलं, कवळी दुपारपर्यंत टिकली. नवरात्र झालं, दसरा झाला. मी खेपेला जायचो तर टेबलावर मी विकलेला सगळा माल एका ओळीत मांडलेला आणि बाई नुसत्या त्याच्याकडे बघत बसलेल्या. जी बाई पेशंटच्या तोंडात एकदा डोकावून सांगायची की याला हे आणि त्याला ते, तिला काही सुचत नव्हतं. "मला जमत नाहीये," त्या मला म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडे नेऊ का हो यांना?" मला फार लाज वाटली. मी त्यांना सांगून टाकलं की मॅडम, पहिल्याच दिवशी मला शंका आली होती आणि मी बोललो नाही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या मापाला मी तिथेच होतो. आबा खुर्चीत, बाईंनी ट्रे भरलेला. बोट वर टेकवून त्या दाबायला लागल्या तशी आबांनी त्यांचं मनगट धरलं आणि ट्रे बाहेर काढून ठेवला. मला वाटलं आता म्हातारा उठून जाणार. ते बसूनच राहिले.

"कवापासनं बघतोय, दाबतेस किती गं?" ते म्हणाले. "लावणीला येत हुतीस ना माझ्यासंगं? रोप कसं लावायचं?"

बाईंनी त्यांच्या ओठांना लागलेला माल पुसला.

"चिखलात खोल दाबलं तर फुटवा येतो का?"

"नाय येत," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'नाय' मी पहिल्यांदा ऐकलं.

"मंग? नुसतं टेकवायचं. बाकीचं त्याचं तो बघतो. तू भितेस म्हनून दाबतेस."

बाईंनी टेबलावरची सगळी ओळ हाताने बाजूला सारली आणि मला विचारलं, "लवंगेची पेस्ट आहे का बॅगेत?" ती जुनी, स्वस्त पेस्ट. आता कुणी मागत नाही म्हणून मीही जवळजवळ बंद केलेली. बॅगेच्या तळाशी एक जोडी निघाली. बाईंनी ट्रेला पुढच्या बाजूला, मऊ हिरडी यायची तिथे, खिडकीसारखी जागा कापून काढली. पेस्ट कालवली, पातळ, सायीसारखी. ट्रे बसवला आणि त्या खिडकीतून उघड्या हिरडीवर पेस्ट नुसती लावली, दाब म्हणून दिला नाही. दवाखानाभर लवंगेचा वास झाला. आबांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा हात बाईंच्या मनगटावर होता. घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही.

माप निघालं. बाईंनी उजेडाकडे धरलं. मला इकडूनही दिसलं, मागच्या कडेला एक बुडबुडा होता, मोहरीपेक्षा मोठा. बाई म्हणाल्या, "राहू दे. बाबा दमलेत."

ती कवळी बसली. मी स्वतः बघितलंय, आबांनी तोंड धुतलं, चूळ भरली, कवळी जागची हलली नाही. मळणीनंतर मला जेवायचं बोलावणं आलं, मी गेलो. खळ्यावर पंगत बसली होती, बाई वाढत होत्या आणि सगळी माणसं भाकरीवर हात धरून थांबली होती. आबांनी घास मोडला, तोंडात घातला आणि चावायला लागले. अगदी सावकाश. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत याची त्यांना गंमत वाटत असावी. शेवटी ते म्हणाले, "आता बघत काय बसलाव? जेवा की!" बाई भाकऱ्यांची टोपली तशीच हातात घेऊन चुलीकडे गेल्या आणि बराच वेळ तिकडेच धूर घालवत बसल्या. त्या हिवाळ्यात आबांनी पुन्हा अंग धरलं. मी गेलो की अंगणातून हाक यायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. कुणाला काही करायला न लावता, दुपारच्या झोपेत. मी भेटायला गेलो तेव्हा बाई नीटनेटक्या बोलल्या, मलाच पाणी दिलं, पावसाने रस्ता कसा आहे विचारलं. वडिलांविषयी अवाक्षर नाही. त्यांची वहिनी मला दारात म्हणाली, "रडलीच नाय हो ती. बोलतबी नाय. आमाला भीती वाटते."

महिनाभराने मी माझ्या नेहमीच्या मंगळवारी गेलो. दवाखान्यात पेशंट नव्हते. नवं पीठ आलं होतं, ते मी टेबलावर ठेवलं. बाईंनी डबा उघडला, वास घेतला, दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, "आज तुम्ही बसा खुर्चीत." अठरा वर्षं मी हा माल विकतोय, पण तो माझ्या तोंडात कधी गेला नव्हता. मी बसलो. बाईंनी माठातलं पाणी घेतलं, पीठ कालवलं, ट्रे भरला आणि माझ्या तोंडात बसवला. गार होतं, पुदिन्याचा वास होता आणि जीभ ठेवायला जागा नव्हती. ट्रेवर एक बोट टेकवून बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या, मला दिसणार नाहीत अशा. आणि मग त्या बोलायला लागल्या.

म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे मला सांगत होते, कवळी काढून घे. शेवटी काढून घेतात तशी. मी म्हटलं, राहू दे. बसवायला किती वेळ लागला मला." मग म्हणाल्या की सकाळी उठल्यावर पेजेचं पाणी अजून दोघांचंच ठेवलं जातं. की लहानपणी लावणीला चिखलात उभं राहायचा त्यांना फार कंटाळा यायचा आणि बाबा त्यांना रोपं मोजायच्या कामाला बसवायचे, जे काम मुळात नव्हतंच. की पहिली कवळी केली तेव्हा बाबा ती खिशात घालून गावभर दाखवत हिंडले होते, माझ्या पोरीने केली म्हणून. आणि मग त्या रडल्या. बोट मात्र ट्रेवर तसंच टेकलेलं होतं.

पीठ केव्हाच घट्ट झालं होतं. मला ते जिभेने कळत होतं. समोरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली, बारा झाली, जबडा दुखायला लागला, लाळ गळ्यापर्यंत आली. हात वर करून खूण केली असती तर बाईंनी लगेच ट्रे काढला असता. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. आबा मलाही हवे होते. पण ते सांगायला माझं तोंड मोकळं नव्हतं, आणि असतं तरी मला ते जमलं नसतं.

शेवटी त्यांनी नाक पुसलं, ट्रे काढला आणि सवयीने उजेडाकडे धरला. मी तोंड पुसेपर्यंत बाई त्या मापाकडेच बघत होत्या.

"डावीकडची मागची दाढ किडलीय तुमची," त्या म्हणाल्या. "चांगली खोल. अठरा वर्षं माझ्यासमोर बसून बोलताय, मी एकदाही बघितलं नाही हो." मग खुर्चीचा दिवा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "आत्ताच करू या. आ करा."